तारा तोडणारा माणूस बीडचा खासदार झाला

दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातल्या वाड्या-वस्त्या ओस पडायला लागतात. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, केज, वडवणी, कुठंही जा. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रक दाराशी लागलेला असतो, म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं मागं ठेवून कोयता निघतो. त्यातले बरेच कोयते सांगली-कोल्हापूरकडं, कृष्णेच्या आणि वारणेच्या काठाला जातात. कुणी वाळव्याच्या हुतात्मा किसन अहिर कारखान्याला, कुणी कुंडलच्या क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड कारखान्याला. वाचकहो, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी त्या कारखान्यांच्या फाटकात बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर उभा केला असेल. फाटकावरची ही नावं वाचताना मनात कधी विचार आला का, की ही माणसं कोण? कारखान्याला हुतात्म्याचं नाव कशापायी?

या सगळ्या नावांच्या मागं एक नाव आहे आणि त्याचा आपल्या बीडशी थेट संबंध आहे. क्रांतिसिंह नाना पाटील. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नाना पाटील म्हटलं की लोक ओळखतात. पण हेच नाना पाटील १९६७ साली आपल्या बीड मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले होते, हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. ज्यांच्या नावानं इंग्रजांच्या तारा तुटल्या, डाकबंगले पेटले, खजिना लुटला गेला, त्यांना तुमच्या-आमच्या आजा-पणजानं मत देऊन दिल्लीला पाठवलं.

आज त्यांची आठवण काढायला कारण आहे. ऑक्टोबर २०२३ च्या ३० तारखेला आपल्या जिल्ह्यात काय झालं ते तुम्ही विसरला नसाल. माजलगावात आमदारांचा बंगला पेटला, नगरपरिषदेची इमारत पेटली, बीड शहरात पुढाऱ्यांची घरं आणि पक्षाचं कार्यालय पेटलं, संचारबंदी लागली, एसटी बंद पडली. मागणी काय होती, ती रास्त का नाही, हा वाद या पानाचा नाही. पण त्या दिवसांत पारावर, हॉटेलात, बाजारात एकच प्रश्न ऐकू येत होता. माणसाच्या मनात अन्यायाची चीड असली तर त्यानं जाळपोळ केलेली चालते का? आणि कुणी ना कुणी म्हणायचाच की स्वातंत्र्याच्या वेळी नाही का जाळलं, तेव्हा त्यांना क्रांतिकारक म्हटलं, मग आता का नाही? हा सवाल टाळून चालायचं नाही. त्याचं उत्तर शोधायचं तर ज्या माणसानं हे सगळं केलं, त्याचं आयुष्य नीट बघावं लागेल. चला तर मग.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव येडेमच्छिंद्र, वाळवा तालुका, तेव्हा सातारा जिल्हा, आता सांगली. घर शेतकऱ्याचं, वारकरी वळणाचं. अंगानं धिप्पाड, तालमीत घुमलेला गडी, आवाज असा की हजारोंच्या सभेला भोंगा लागू नये. व्हर्नाक्युलर फायनल झाले आणि तलाठी म्हणून नोकरीला लागले. आता तलाठी म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. आजही भाऊसाहेबांच्या दारात आपण किती खेटे घालतो! त्या काळी तर तलाठी म्हणजे गावात सरकारच. वाडवडील म्हणायचे की नशीब काढलं पोरानं.

पण दप्तर लिहिता लिहिता या माणसाला दिसायला लागलं की कागदावर काय चाललंय. सारा कुणाच्या बोकांडी बसतो, सावकाराच्या खात्यात जमीन कशी सरकते, दुष्काळात सूट कुणाला मिळते आणि कुणाला मिळत नाही. जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचं वारं त्या भागात आधीपासून होतं, ते नानांच्या अंगात शिरलं. वर गांधीजींची हाक आली. १९३० साली कायदेभंगाची चळवळ सुरू झाली आणि नानांनी तलाठ्याच्या नोकरीवर पाणी सोडलं. भरल्या घरातली सरकारी नोकरी सोडणं काही खेळ नव्हता. पुढच्या बारा वर्षांत किती वेळा तुरुंगात गेले नि बाहेर आले, त्याला हिशेब नाही. बाहेर आले की गावोगाव सभा. बोलणं शेतकऱ्याचं, दाखले बैलाचे, मोटेचे, सासू-सुनेचे. लोक पोट धरून हसायचे आणि हसता हसता गंभीर व्हायचे. लग्नात कर्ज काढू नका, भटजीवाचून लग्न लावा, गांधी लग्न करा, दारू सोडा, असं सांगत फिरले.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. १९३० ते १९४२, ही बारा वर्षं नानांनी काही जाळलं नाही. सभा, मिरवणूक, सत्याग्रह, तुरुंग, एवढंच. आज आपल्याकडं निवेदन दिल्यावर आठवड्यात उत्तर आलं नाही की टायर पेटतं. बारा वर्षं म्हणजे काय ते ज्यानं मोजलीत त्यालाच ठाऊक.

मग आला बेचाळीसचा ऑगस्ट. मुंबईत ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी सगळे मोठे पुढारी आत गेले. सातारा जिल्ह्यात लोकांनी ठरवलं की तालुक्याच्या कचेरीवर मोर्चा काढायचा, तिरंगा लावायचा आणि मामलेदाराला सांगायचं की आता तुमचं राज्य संपलं. हातात काठीसुद्धा नको. कऱ्हाडला मोर्चा निघाला. ३ सप्टेंबरला तासगावला निघाला, तिथं तर मामलेदाराच्या डोक्यावर गांधी टोपी चढली आणि झेंड्याला सलामी झाली. कुणाचं नाक फुटलं नाही. (जाता जाता सांगतो, याच तासगाव तालुक्यातल्या विसापूरला पुढं १९६५ साली वि. स. पाग्यांनी रोजगार हमीचा पहिला प्रयोग केला. बहात्तरच्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत चूल पेटली ती या हमीच्या कामावर. तासगावचं आपल्यावर तेही ऋण आहे.)

तासगावचा मोर्चा असा सुखरूप पार पडल्यावर लोकांना वाटलं, जमलं. पण ९ सप्टेंबरला वडूजला मोर्चा गेला तो झेंडा घेऊन गेला आणि तिथं पोलिसांनी सरळ गोळ्या घातल्या. परशुराम घार्गे पुढं झेंडा घेऊन होते, ते पडले. त्यांच्यासह नऊ जण गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला गोळीबार, तिथं दोघं गेले. दोन दिवसांत अकरा माणसं, सगळी बिनहत्यारी.

आता तुम्ही त्या गावात असता तर काय केलं असतं? मी घरात बसून लिहितोय म्हणून शहाणपणानं बोलू शकतो. ज्याच्या भावाचं प्रेत वडूजवरून बैलगाडीत घातलं असेल, त्याला अहिंसा समजावून सांगायला फार मोठी छाती पाहिजे. मला तरी ते जमलं नसतं.

त्यानंतर रस्ता बदलला. नाना, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड, किसन वीर, पांडू मास्तर, बाबूजी पाटणकर अशी मंडळी भूमिगत झाली. टेलिफोनच्या, टपालाच्या तारा तुटू लागल्या. रेल्वेचे रूळ उखडले. साहेब लोक ज्या डाकबंगल्यात मुक्काम टाकायचे ते डाकबंगले आणि गावच्या चावड्या पेटल्या. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी अडवून लुटली. १४ एप्रिल १९४४ ला तर थेट धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्याची गाडी अडवली आणि साडेपाच लाख रुपये ताब्यात घेतले. त्या काळचे साडेपाच लाख! नानांची लेक हौसाताईही यात मागं नव्हत्या. भवानीनगरच्या पोलिस चौकीसमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग केलं, मार खाल्ला, पोलिस भांडण सोडवायला बाहेर आले आणि साथीदारांनी मागून बंदुका पळवल्या. हौसाताई २०२१ साली वारल्या, शेवटपर्यंत हा किस्सा सांगायच्या आणि मार खरा होता म्हणून हसायच्या.

सरकारनं नानांचं घरदार, जमीन जप्त केली. पकडून देणाऱ्याला बक्षीस लावलं. हा सहा फुटी माणूस चव्वेचाळीस महिने गावागावांतून फिरला, सभा घेतल्या, लग्नं लावली, पण सापडला नाही. ज्या मुलखात फितूर पैशाला पासरी मिळतात, तिथं हे कसं झालं? लोकांनी लपवला म्हणून झालं. गवताच्या गंजीत, उसात, मळ्यातल्या खोपटात. आपल्या कोयत्यांच्या कोप्या पडतात, त्याच शिवारात.

थोडं चावडीबद्दल बोलायचंय. मला स्वतःला या साऱ्यात चावड्या जाळण्याची गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. जो माणूस तलाठी होता, दप्तरात काय असतं हे ज्याला पाठ होतं, त्याच्या चळवळीनं दप्तरं जाळावीत? साऱ्याची, थकबाकीची नोंद जळाली हे एका अंगानं ठीक. पण त्याच दप्तरात कुण्या विधवेच्या दोन एकराचीही नोंद असते. ती जळाली तर पुढं भावकी तिला शिवारात उभी राहू देईल का? सातबारा हरवलेल्या माणसाची काय गत होते, हे आपल्या जिल्ह्यात सांगायला नको.

आपल्या मुलखात असंच एक जुनं उदाहरण आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला कर्जबाजारी शेतकरी सावकारांवर उठले. गावोगाव दंगे झाले. पण बहुतेक ठिकाणी लोकांनी मागितलं काय, तर कर्जरोखे आणि खतं. ती हातात पडली की चावडीपुढं ढीग करून पेटवायची आणि घरी जायचं. सावकाराच्या जिवाला सहसा हात लावला नाही. त्याच्या मागोमाग १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा आला. म्हणजे जाळलं म्हणून कायदा आला, असं म्हणणारे खोटं बोलत नाहीत. पण त्यांनी काय जाळलं ते बघा. ज्या कागदानं गळा आवळला होता, तोच कागद जाळला. शेजाऱ्याचं घर जाळलं नाही.

नानांच्या लोकांचंही बऱ्याच अंशी तसंच होतं. तार सरकारची, डाकबंगला साहेबाचा, खजिना सरकारचा. गावातल्या वाण्याचं दुकान लुटलं तर ते प्रतिसरकारच्या न्यायात गुन्हाच होता. नाव सांगून दरोडे घालणारे भामटे त्या काळात बोकाळले होते. त्यांचा बंदोबस्त इंग्रजाच्या पोलिसांनी नव्हे, प्रतिसरकारनं केला.

आणि जाळून हे लोक घरी बसले नाहीत, हेही बघा. १९४३ पासून गावागावांत न्यायदान मंडळं नेमली. बांधाचा तंटा, बायकोला टाकून देणं, सावकाराचं अव्वाच्या सव्वा व्याज, दारूचा गुत्ता, सगळे निवाडे गावात होऊ लागले. जी वर्षानुवर्षं कोर्टात सडली असती ती भांडणं एका रात्रीत मिटली. १९४५ साली कुंडलला जी. डी. बापूंचं लग्न लागलं ते हजारोंच्या साक्षीनं, वॉरंट डोक्यावर असताना, हुंडा नाही, मानपान नाही. शाहीर शंकरराव निकम डफावर थाप मारून गावं जागी करत होते. तुफान सेना उभी केली, पोरांना कवायत शिकवली. नुसतं मोडायला आलेली ही माणसं नव्हती, मोडल्या जागी काय बसवायचं हे त्यांनी ठरवलेलं होतं.

आता दुसरी बाजू सांगतो. कारण नानांचा फोटो भिंतीला लावून हार घालायचा आणि गप्प बसायचं, हे काही खरं नाही. प्रतिसरकारला लोक पत्री सरकार म्हणायचे. कुणी म्हणतं हा प्रतीचा अपभ्रंश. कुणी म्हणतं बैलाला पत्री ठोकतात तशी गुन्हेगाराच्या तळपायाला शिक्षा व्हायची, म्हणून ते नाव. तळपायावर काठ्या मारायच्या, माणूस महिना महिना जमिनीवर पाय टेकवू शकायचा नाही. बलात्कारी, दरोडेखोर, खबरे यांना ही शिक्षा व्हायची आणि लोकांना ती गोड वाटायची. पण त्या न्यायाला वकील नव्हता, अपील नव्हतं. ज्याच्यावर खबऱ्या म्हणून संशय आला तो खरंच खबऱ्या होता, का कुणी बांधाचं भांडण काढून त्याचं नाव दिलं? रात्रीच्या अंधारात, बॅटरीच्या उजेडात कितीही सज्जन माणसं न्यायाला बसली तरी चूक होणारच. ज्याचे पाय फुकट फुटले त्याच्या घरी नानांचा फोटो लागला नसेल.

शिवाय सरकारनं गावांवर सामुदायिक दंड बसवले. तार तोडणारा उसात, आणि दंड भरणारा कोण? गावातला साधा कुणबी, मांग, महार, चांभार, ज्याला तार कुठं आहे हेही धड माहीत नव्हतं. हे नेहमीचंच आहे. जाळणारा निघून जातो, भरणारा गावातच राहतो.

गांधीजी हे बघत होते. मे १९४४ मध्ये ते सुटले. सरकारी मालमत्तेची नासधूस आणि लपून काम करणं त्यांच्या अहिंसेत बसत नव्हतं. त्यांनी भूमिगत कार्यकर्त्यांना उघड व्हा असा सल्ला दिला. देशभरातले पुष्कळ जण उघड झाले. साताऱ्यानं मात्र ऐकलं नाही. गांधी टोपी घालणाऱ्या, गांधी लग्न लावणाऱ्या नानांनी गांधींचा हा शब्द मोडला. त्यांचं म्हणणं असं दिसतं की आम्ही उघड झालो तर ज्या गावांनी आम्हाला लपवलं त्यांच्यावर सूड उगवला जाईल आणि उभं केलेलं सगळं कोसळेल. यात तथ्य आहे. गांधींच्या म्हणण्यातही तथ्य आहे. खेड्यातला माणूस म्हणून मला सांगायचंय की गांधींना जी भीती होती ती पुढं खरी ठरली, आणि ती कुठं खरी ठरली तर साताऱ्याच्याच मातीत.

१९४६ साली वॉरंटं उठली, नाना कऱ्हाडला उघडपणे लोकांसमोर आले, माणसांचा समुद्र लोटला. प्रतिसरकारचं काम तिथंच थांबलं. पण दीड-दोन वर्षांनी, ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि मारेकरी ब्राह्मण आहे हे कळताच सातारा, सांगली, कोल्हापूर भागात गावोगाव ब्राह्मणांची घरं पेटली. ज्यांचा त्या खुनाशी सुतराम संबंध नाही अशा म्हाताऱ्या-कोताऱ्यांची घरं, गुरुजींची घरं. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओही जळाला. ही कृती प्रतिसरकारची नव्हे, हे ठामपणे सांगायला पाहिजे. तरीही प्रश्न उरतोच. चार-पाच वर्षांपूर्वी ज्या शिवारात रात्रीच्या रात्री सरकारी इमारती पेटताना लोकांनी बघितल्या, टाळ्या वाजवल्या, तिथल्या हाताला काडीची सवय लागली होती का? सरकारी डाकबंगल्यावरून काडी शेजाऱ्याच्या माळवदावर केव्हा गेली, हे तिलाही कळलं नाही. चीड रास्त होती. बापूंच्या खुनाची चीड कुणाला आली नसेल? पण ती कुणाच्या दारात जाऊन फुटली बघा.

तुम्ही म्हणाल, हे झालं साताऱ्याचं, आपल्याकडं काय? आपल्याकडंही झालं. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. अंबाजोगाईत शिक्षक म्हणून आलेले स्वामी रामानंद तीर्थ, एक संन्यासी माणूस, त्या लढ्याचे पुढारी. सत्तेचाळीसला शिंदीची झाडं तोडायची, कारण शिंदीच्या महसुलावर निजामाची तिजोरी चाले. सरहद्दीवरून येऊन करोडगिरीचे नाके जाळायचे. नागनाथअण्णा, जी. डी. बापू ही प्रतिसरकारची मंडळीही या लढ्याच्या मदतीला आली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. म्हणून बीडच्या माणसाला नाना परके वाटले नसणार. ज्यांनी नाके पेटताना बघितले, त्यांना तारा तोडणारा माणूस समजत होता.

स्वातंत्र्यानंतर नानांचा रस्ता कसा वळला, याच्यात मला सगळ्यात जास्त रस आहे. काँग्रेस सोडली. शेतकरी कामगार पक्षात गेले, पुढं कम्युनिस्ट पक्षात. १९५५ साली डहाणूला अखिल भारतीय किसान सभेचं अधिवेशन झालं, नाना अध्यक्ष झाले. मनातली चीड काही कमी झाली नव्हती. सारा तोच, सावकार तोच, फक्त टोपी बदललीय, असं त्यांना वाटत होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले. पण आता तारा तोडल्या नाहीत. १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेला उभे राहिले आणि निवडून आले. दिल्लीत जाऊन मराठीत बोलले. इंग्रजी येत नाही म्हणून लाजले नाहीत. १९६२ ला त्याच साताऱ्यातून काँग्रेसचे किसन वीर निवडून आले, तेही प्रतिसरकारचेच. काल एकाच उसात लपलेले दोन गडी आज दोन पक्षात. भांडले असतील, पण मतपेटीत.

आणि १९६७ ला बीड. आपला जिल्हा तेव्हा डाव्यांना नवा नव्हता. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत इथून पीडीएफचे रामचंद्र गोविंद परांजपे गेले होते, आणि पुढं १९७७ ला गंगाधरअप्पा बुरांडे गेले. मधल्या काळात, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, कृष्णाकाठचा हा म्हातारा मुंडासं बांधून बालाघाटाच्या डोंगरात मतं मागत फिरला. ना गाड्यांचा ताफा, ना पैसा. बीड जिल्ह्यात जात बघितल्याशिवाय मत पडत नाही, असं म्हणणाऱ्यांनी १९६७ ची ही निवडणूक एकदा डोळ्यांखालून घालावी. दुसऱ्या जिल्ह्याचा, दुसऱ्या बोलीचा, खिसा रिकामा असलेला माणूस इथून निवडून आला.

आता तुम्हीच सांगा. ज्या माणसानं एकदा जाळून बघितलं होतं, ज्याला तो मार्ग पाठ होता, ज्याच्या एका शब्दावर पुन्हा शेकडो पोरं रात्री बाहेर पडली असती, तो स्वातंत्र्यानंतर तीस वर्षं मत मागत का फिरला? म्हातारा झाला म्हणून? मला नाही तसं वाटत. बेचाळीसला मामलेदाराला घरी पाठवायला दुसरं काही साधन लोकांच्या हातात नव्हतं. मत नव्हतं, आमदार त्यांचा नव्हता, कोर्ट त्यांचं नव्हतं, आणि झेंडा घेऊन शांतपणे गेले तर गोळी होती. मत हातात आल्यावर नानांनी ते वापरलं. साधन वाईट असेल, मोडकं असेल, पण आपलं होतं. जाळपोळीला स्वातंत्र्यलढ्याचा दाखला देणाऱ्यानं नानांच्या आयुष्याची चारच वर्षं उचलू नयेत, आधीची बारा आणि नंतरची तीसही मोजावीत.

याचा अर्थ मत आलं म्हणजे सगळा अन्याय संपला, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणारा ऊसतोडीला कधी गेलेला नसतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये कुंडलच्या जवळच, पलूस तालुक्यातल्या वसगड्याला ऊसदराच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि एक शेतकरी गेला. स्वतंत्र देशात, मत देणारा शेतकरी. त्याच्या घरच्यांना कुणी जाऊन सांगावं की मतपेटी आहे ना? बेचाळीसच्या वडूजला आणि या वसगड्याला एका मापानं मोजता येणार नाही, पण गोळी लागणाऱ्याला फरक काय. तिथल्या गावकऱ्यांची चीड मला कळते. आपल्या कोयत्यांच्या संपात रात्री उसाचे ट्रॅक्टर अडवून टायरची हवा सोडणारी पोरंही मला कळतात. हवा सोडणं आणि ट्रॅक्टर पेटवणं यात मी फरक करतो. हवा उद्या भरता येते. आणि तो ट्रॅक्टर बहुतेक वेळा कारखानदाराचा नसतो, तुमच्या-माझ्यासारख्यानं बँकेचं कर्ज काढून घेतलेला असतो.

२०२३ च्या त्या दिवसांत एसटी बंद होती तेव्हा कारवाले पुढारी अडले नाहीत. अडली ती तालुक्याला कॉलेजला जाणारी पोरगी, डायलिसिसला जाणारा म्हातारा, बाजाराला भाजीचं गाठोडं घेऊन निघालेली बाई. नानांच्या काळी डाकबंगला जळाला तर साहेबाला झोपायला जागा राहायची नाही. एसटी जळाली तर साहेबाला पत्ताही लागत नाही. नगरपरिषदेच्या इमारतीत जन्म-मृत्यूची नोंद, घरपट्टी, नळाची नोंद, सगळी आपलीच. ती जळाल्यावर दाखल्यासाठी रांगेत कोण उभं राहिलं असेल, ते सांगायची गरज नाही. त्या जळक्या चावडीची गोष्ट मी मघाशी उगाच नव्हती काढली.

नानांची खासदारकी लोकसभा मुदतीआधी बरखास्त झाली तेव्हा, १९७० च्या अखेरीस संपली. पुढं बीडची जागा काँग्रेसकडं गेली. नाना परत आपल्या मुलखात गेले. बंगला बांधला नाही, संस्था काढून पोराबाळांच्या नावानं केली नाही, खासदार होते म्हणून काही गाठीला बांधलं नाही. ६ डिसेंबर १९७६ ला ते वारले. अंत्यसंस्कार वाळव्यात झाले, नागनाथअण्णांच्या गावात.

त्या वाळव्याच्या शिवारात दर हिवाळ्यात आपल्या पाटोद्याच्या, शिरूरच्या कोयत्यांच्या कोप्या पडतात. पहाटे तीनला उठून थंडीत फडात उतरावं लागतं. यंदा तिकडं जाणाऱ्यांपैकी कुणाला सुट्टीच्या दिवशी सवड मिळाली, तर गावात विचारा, नानांची समाधी कुठं आहे. जुनं माणूस भेटलं तर दाखवील, आणि तुम्ही बीडचे म्हटल्यावर तुम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडणार नाही.